देवपुत्राचा मोह

येशू ख्रिस्ताला मोह झाला होता, ही गोष्ट ख्रिस्ती धर्मात कुणी बाहेरून आणलेली नाही. ती धर्मग्रंथातच आहे. बाप्तिस्मा घेतल्यावर येशू अरण्यात गेला, चाळीस दिवस उपाशी राहिला आणि तिथे सैतानाने त्याला भाकरीचा, चमत्काराचा आणि राज्याचा मोह घातला, ही कथा मत्तय आणि लूक यांच्या शुभवर्तमानांत विस्ताराने येते. मार्क ती एकदोन वाक्यांत सांगून पुढे जातो. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात तर येशूची सर्व बाबतींत माणसासारखीच पारख झाली आणि तरी तो निष्पाप राहिला, असे स्पष्ट सांगितले आहे. पकडला जाण्याच्या रात्री गेथशेमाने बागेत तो मरणाच्या विचाराने व्याकूळ झाला आणि आपल्यावरचे संकट टळावे म्हणून त्याने पित्याला विनवले. एवढे सगळे कोणताही श्रद्धावंत ख्रिस्ती माणूस मानतोच.

अडचण त्यापुढे सुरू होते. येशू देव असेल तर त्याच्या हातून पाप घडणे अशक्य. पण पडण्याची शक्यताच नसेल, तर अरण्यातल्या त्या चाळीस दिवसांत पणाला काय लागले होते? आणि शक्यता होती असे म्हणावे, तर देव पापात पडू शकतो हे कबूल करावे लागते. पहिल्या उत्तराने मोहाचे नाटक होते, दुसऱ्याने देवत्व डळमळते. या पेचावर ख्रिस्ती विचारवंत दीड हजार वर्षांहून अधिक काळ खल करीत आले. विसाव्या शतकाच्या मध्यावर निकोस कझानझाकिस या ग्रीक लेखकाने तो कादंबरीत उतरवला, आणि एरवी एकमेकींपासून फटकून राहणाऱ्या दोन मोठ्या चर्चसंस्था, रोमन कॅथलिक आणि ग्रीक ऑर्थोडॉक्स, त्या एका पुस्तकाच्या विरोधात उभ्या राहिल्या. इंग्रजीत ती कादंबरी ‘द लास्ट टेम्प्टेशन ऑफ ख्राइस्ट’ या नावाने ओळखली जाते.

कझानझाकिसचा जन्म १८८३ चा, क्रीट बेटावरच्या इराक्लिओ शहरातला. त्या वेळी बेटावर ऑटोमन सत्ता होती. अथेन्सला कायद्याचे शिक्षण घेऊन तो पॅरिसला गेला, तिथे त्याने आंरी बर्गसाँची व्याख्याने ऐकली आणि नीत्शेवर प्रबंध लिहिला. १९१४ मध्ये कवी अँगेलोस सिकेलियानोसबरोबर त्याने अॅथॉस पर्वतावरच्या मठांची यात्रा केली. बुद्धावर नाटक, लेनिनविषयी आस्था, ओडिसीअसवर तेहेतीस हजारांहून अधिक ओळींचे महाकाव्य, असा त्याचा पल्ला होता. पण आयुष्यभर ज्या व्यक्तीने त्याचा पिच्छा सोडला नाही ती ख्रिस्ताची. १९२० च्या दशकात लिहिलेल्या ‘अस्कितिकी’ या छोट्या ग्रंथात त्याने आपले दैवत सांगून टाकले आहे. त्याचा देव पूर्ण नाही, सर्वशक्तिमानही नाही. जड पदार्थातून धडपडत वर चढणारी ती एक शक्ती आहे आणि तिला माणसाच्या मदतीची गरज आहे. देव माणसाला तारतो हे वचन तिथे उलटले आहे: माणसाने झगडून देवाला सोडवायचे आहे. बर्गसाँच्या जीवनशक्तीच्या कल्पनेचा ठसा इथे उघड दिसतो. पुढच्या वादाचे मूळही याच ग्रंथात आहे, मात्र वाद घालणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी तो वाचला असावा.

कादंबरी त्याने १९५० आणि १९५१ मध्ये फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या अँटिब गावी लिहिली. तिच्या प्रस्तावनेतच त्याने स्पष्ट केले आहे की हे चरित्र नव्हे. देह आणि आत्मा यांची ओढाताण ज्याच्या वाट्याला आली अशा प्रत्येक माणसाचा हा कबुलीजबाब आहे, आणि ख्रिस्त त्या ओढाताणीचा सर्वोच्च नमुना आहे.

कादंबरीतला येशू नाझरेथचा सुतार आहे. रोमन अधिकाऱ्यांना क्रूस करून देण्याचे काम गावातला दुसरा कुणी सुतार घेत नाही; हा घेतो. देवाने आपल्याला निवडले आहे याची त्याला चाहूल लागली आहे आणि ती निवड त्याला नको आहे. स्वतःच्या लोकांना टांगण्यासाठी क्रूस घडवले की देव आपला तिटकारा करील, आपल्याला सोडून देईल, अशी त्याची आशा आहे. मरीया मग्दालिया इथे त्याच्या नात्यातली, गावच्या रब्बीची मुलगी आहे. दोघांचे लग्न ठरत होते. देवाने ते मोडले आणि ती देहविक्रयाकडे वळली. तिच्या त्या आयुष्याचे ओझे येशूच्या माथ्यावर आहे. यहूदा इस्कर्योत लाल दाढीचा, दणकट, रोमनांविरुद्ध लढणारा बंडखोर आहे. सगळ्या शिष्यांत मनाने खंबीर तोच. म्हणून येशू त्यालाच सांगतो की मला पकडून दे, कारण हे काम करण्याइतके बळ दुसऱ्या कुणात नाही.

ज्या भागावरून वादळ उठले तो शेवटी येतो. क्रुसावर येशू आक्रोश करतो, त्या आक्रोशाचे पहिले शब्द ओठांतून बाहेर पडतात आणि त्याची शुद्ध हरपते. डोळे उघडतो तर तो फुललेल्या झाडाखाली आहे. एक देवदूत त्याला सांगतो की क्रूस, खिळे, वेदना हे सगळे स्वप्न होते, आता तू मोकळा आहेस. मग लग्न होते, मग्दालियाशी. ती मारली जाते. त्यानंतर लाजाराच्या बहिणी मार्था आणि मरीया यांच्यासोबत तो संसार थाटतो. सुतारकाम चालते, मुले होतात, केस पिकतात, वर्षे जातात. म्हातारपणी त्याचे जुने शिष्य दारात येतात. तेही थकलेले, हरलेले. यहूदा त्याला तोंडावर पळपुटा म्हणतो: तुझी जागा क्रुसावर होती, ती सोडून तू पळालास. त्या क्षणी देवदूताचे खरे रूप कळते. तो सैतान होता. येशूला क्रुसावर जाग येते, आक्रोशाचे उरलेले शब्द पूर्ण होतात आणि आपण पळालो नव्हतो या जाणिवेने त्याला अपार आनंद होतो. संपूर्ण संसार एका हाकेच्या दोन तुकड्यांमध्ये मावला आहे. कादंबरीची ही रचना फार मोठ्या ताकदीची आहे, आणि पुस्तक न वाचता त्याचा निषेध करणाऱ्यांच्या हातून नेमकी तीच निसटली.

कारण निषेधात सतत आलेला शब्द होता अश्लीलता. येशूच्या कामजीवनाचे वर्णन आहे, एवढे कानावर आले की पुरे होत असे. प्रत्यक्षात कादंबरीतला अखेरचा मोह कामवासनेचा म्हणता येत नाही. तिथे सैतान येशूला देऊ करतो ते घर, अंगणातली मुले आणि शांत म्हातारपण. अरण्यातल्या तीन मोहांपेक्षा हा अवघड आहे, कारण यात वाईट असे काहीच नाही. राज्याचा लोभ ओळखू येतो. बायकोमुलांची माया ही पापाची खूण कोण मानील? ख्रिस्ती धर्मानेही विवाह पवित्र मानला. ऑर्थोडॉक्स परंपरेत विवाहित पुरुष धर्मगुरू होतात आणि मार्टिन लूथरने १५२५ मध्ये स्वतः लग्न करून संसार हेही देवाने दिलेले काम असल्याचे दाखवून दिले. मग प्रपंच सैतानाचे आमिष कसा ठरतो, हा आक्षेप कादंबरीवर घेण्याजोगा आहे. तिचे उत्तर असे, की प्रपंच वाईट म्हणून तो मोह नव्हे; या एका माणसासाठी ठरलेली जागा दुसरी होती, आणि चांगले तेच त्याला त्या जागेवरून हलवू शकत होते.

आता चर्चच्या बाजूकडे पाहायला हवे, कारण ती केवळ सोवळेपणाची नाही. कझानझाकिसने विचारलेला प्रश्न धर्मपरिषदांनी फार पूर्वी विचारला होता आणि त्याची उत्तरे प्राण पणाला लावून ठरली होती. येशूचा देह नुसता भास होता असे मानणाऱ्यांना दुसऱ्या शतकापासूनच पाखंडी ठरवण्यात आले. चौथ्या शतकात अपोलिनारिसने येशूचे शरीर माणसाचे पण बुद्धीच्या जागी देवाचा शब्द, अशी तोड काढली. ३८१ च्या कॉन्स्टँटिनोपल परिषदेने ती फेटाळली. त्यामागचा नाझियान्झसच्या ग्रेगरीचा युक्तिवाद साधा आणि भक्कम आहे: ख्रिस्ताने माणसाचे जे अंग स्वीकारले नाही ते बरे होण्यावाचून राहिले. मानवी मन त्याने घेतलेच नसेल, तर मानवी मनाला तारण नाही. ४५१ मध्ये कॅल्सिडनच्या परिषदेने ठरवले की ख्रिस्त पूर्ण देव आहे आणि पूर्ण माणूसही. दोन्ही स्वभाव एकाच व्यक्तीत आहेत, त्यांची सरमिसळ होत नाही आणि त्यांना वेगळेही काढता येत नाही.

यापुढचा टप्पा या कादंबरीच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे. दोन स्वभाव असतील तर इच्छा किती? सातव्या शतकात राजकीय ऐक्यासाठी बायझंटाइन सम्राटांनी एकच इच्छा असल्याचे मत पुढे रेटले. मॅक्सिमस नावाच्या साधूने त्याला विरोध केला. त्याचा आधार होता गेथशेमाने बाग: मरण टळावे ही इच्छा देवाची असू शकत नाही, म्हणजे ख्रिस्ताला माणसाची स्वतंत्र इच्छा होती. या मताबद्दल मॅक्सिमसची जीभ आणि उजवा हात छाटण्यात आला आणि ६६२ मध्ये हद्दपारीत त्याचा अंत झाला. पुढे ६८०–६८१ च्या परिषदेने त्याचेच मत ग्राह्य धरले. ख्रिस्ताच्या माणूसपणाची बाजू घेऊन चर्चचाच एक संत छळ सोसून मेला, हे लक्षात ठेवले म्हणजे चर्चला माणूस असलेला ख्रिस्त नकोच होता, हा सोपा आरोप टिकत नाही.

मात्र मॅक्सिमसने एक बारीक रेघ ओढून ठेवली. जगावेसे वाटणे, मरणाला भिणे ही नैसर्गिक इच्छा ख्रिस्ताला होती. पण हे करू की ते करू अशी दोलायमान अवस्था, जी अज्ञानातून आणि पापाने बिघडलेल्या स्वभावातून येते, ती त्याला नव्हती. त्याची मानवी इच्छा थरथरली, डगमगली नाही. तेराव्या शतकात थॉमस अक्विनास वेगळ्या वाटेने याच जागी पोचला. मोह बाहेरून शत्रूने घातला तर तो पापावाचून असू शकतो, कारण ती नुसती सूचना असते. देहाच्या आतून उठणाऱ्या मोहात आधीच थोडी गोडी मिसळलेली असते, म्हणून तो ख्रिस्ताला झाला नाही.

या रेघेवर कादंबरी ठेवून पाहिली की तंटा कुठे आहे ते कळते. कझानझाकिसचा येशू पहिल्या पानापासून डगमगतो. देवाला नकार देतो, पळतो, परततो, पुन्हा शंका घेतो. शेवटचा मोह बाहेरून येतो हे खरे, कारण देवदूताच्या रूपात सैतानच आहे. येशू फसवला गेला आहे, देवानेच सुटका केली असे समजून तो जातो, आणि सगळे घडते ते ग्लानीत. स्वप्नातल्या कृत्याची जबाबदारी माणसावर येते का, हा प्रश्न ऑगस्टीनने आपल्या आत्मकथनात स्वतःच्या स्वप्नांविषयी विचारला होता, आणि जागेपणीची संमती तिथे नसते या बाजूला त्याचा कल होता. त्या मापाने कादंबरीतल्या येशूला पापी ठरवणे कठीण आहे. पण अक्विनासची कसोटी लावली तर तो उतरत नाही. त्या संसाराची गोडी त्याने चाखली आहे.

त्याहून जुना आणि थेट निवाडा ५५३ चा आहे. कॉन्स्टँटिनोपलच्या दुसऱ्या परिषदेने मॉप्सुएस्टियाच्या थिओडोर या दिवंगत धर्मपंडिताचे मत शापित ठरवले. त्याच्यावरच्या आरोपाचा गाभा असा होता: मनाच्या विकारांनी आणि देहाच्या वासनांनी त्रस्त झालेला, हळूहळू हीनापासून सुटत गेलेला आणि सत्कृत्यांनी वर चढत निर्दोष झालेला ख्रिस्त तो शिकवतो. कझानझाकिसच्या कादंबरीचा याहून नेमका सारांश कुणी लिहू शकणार नाही, आणि तो कादंबरीच्या चौदाशे वर्षे आधी लिहिला गेला होता. कॅल्सिडनचा ख्रिस्त वरून खाली येतो. देव माणूस होतो, आणि माणसाचे तारण त्या उतरण्यात आहे. कझानझाकिसचा ख्रिस्त खालून वर जातो. माणूस झगडून देव होतो. ‘अस्कितिकी’तला चढणारा देवच इथे सुताराच्या अंगात आला आहे. दोन्ही चर्चना ही दिशा अमान्य होती आणि त्यांच्या सिद्धांताप्रमाणे त्यांनी ती अमान्य करणे रास्तच होते. दुर्दैव असे की त्यांनी हे लोकांना समजावून सांगण्याऐवजी पुस्तक अभद्र आहे एवढेच सांगितले.

पौलाचा प्रसंग हा याचा चांगला पुरावा आहे. स्वप्नातल्या संसारात असताना येशूच्या गावी पौल येतो आणि क्रुसावर मरून पुन्हा उठलेल्या ख्रिस्ताचा प्रचार करू लागतो. येशू त्याला सांगतो की हे खोटे आहे, तो मीच, मी मेलोच नाही. पौल क्षणभर हबकतो आणि मग म्हणतो की त्याने काही बिघडत नाही. लोकांना त्या ख्रिस्ताची गरज आहे, आणि गरजेतून, श्रद्धेतून मी सत्य घडवीन. पुनरुत्थान घडले की नाही याने धर्माला फरक पडत नाही, हे विधान ख्रिस्ती श्रद्धेच्या मुळावरच येते. खुद्द पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात नेमके याच्या उलट म्हटले आहे: ख्रिस्त उठला नसेल तर सगळा विश्वास व्यर्थ आहे. कादंबरीतले सर्वांत धारदार पान हेच. पुढे तिच्याविरुद्ध जे मोर्चे निघाले त्यांत मात्र बोलबाला मग्दालियाच्या शेजेचा झाला, पौलाच्या युक्तिवादाचा नाही.

पुस्तकाविरुद्धची कारवाई मूळ ग्रीक आवृत्ती छापून होण्याआधीच, परभाषांतील अनुवादांवरून सुरू झाली. १९५४ मध्ये रोमने कादंबरी निषिद्ध ग्रंथांच्या सूचीत घातली. ती सूची सोळाव्या शतकापासून चालत आली होती आणि तीत पास्कालची पत्रे होती, रनाँचे येशूचरित्रही होते. कझानझाकिसने रोमला तार पाठवली, तीत टर्टुलियन या प्राचीन ख्रिस्ती लेखकाचे वचन होते: दाद मागायची ती प्रभूच्याच न्यायासनापुढे. स्वतःचे लेखन रोममध्ये दोषी ठरल्यावर पास्कालनेही अशाच शब्दांचा आधार घेतला होता. ग्रीसमध्ये ऑर्थोडॉक्स धर्मसभेने त्याच्या लेखनाचा निषेध केला आणि त्याला बहिष्कृत करावे अशी मागणी पुढे आली. कझानझाकिस बहिष्कृत झाला होता असे आजही सर्रास लिहिले जाते. ते खरे नाही. त्यासाठी कॉन्स्टँटिनोपलच्या धर्माध्यक्षांची संमती लागली असती, आणि अथेनागोरास यांनी ती दिली नाही. १९५५ मध्ये कादंबरी अथेन्समध्ये प्रसिद्ध झाली.

२६ ऑक्टोबर १९५७ ला जर्मनीतल्या फ्रायबुर्ग शहरात कझानझाकिसचे निधन झाले. अथेन्सच्या आर्चबिशपांनी त्याचे पार्थिव चर्चमध्ये अंत्यदर्शनासाठी ठेवू दिले नाही. क्रीटचे चर्च मात्र अथेन्सच्या नव्हे, कॉन्स्टँटिनोपलच्या अधिकाराखाली येते. इराक्लिओच्या आयिओस मिनास कॅथीड्रलमध्ये त्याचा धार्मिक अंत्यविधी झाला आणि शहराच्या व्हेनिसकालीन तटबंदीवरच्या मार्तिनेंगो बुरुजावर त्याला पुरण्यात आले. एकाच धर्माच्या दोन अधिकारपीठांनी एकाच माणसाबद्दल दोन निर्णय दिले. धर्मविरोधी कोण हे ठरवणे किती डळमळीत असते, ते यातून दिसते.

पीटर बीन यांचा इंग्रजी अनुवाद १९६० मध्ये अमेरिकेत निघाला आणि वाद तिकडे गेला. कॅलिफोर्नियातल्या काही गावांत सार्वजनिक ग्रंथालयांतून पुस्तक हटवावे अशी मोहीम काही वर्षे चालली. १९६६ मध्ये रोमने निषिद्ध ग्रंथांची सूचीच रद्द केली. पण खरा भडका १९८८ मध्ये मार्टिन स्कोर्सेसीने कादंबरीवर काढलेल्या चित्रपटाने उडाला. एका अमेरिकन ख्रिस्ती संघटनेचे प्रमुख बिल ब्राइट यांनी चित्रपटाचा सारा खर्च भरून देण्याची तयारी दाखवली, अट एवढीच की सगळ्या प्रती नष्ट कराव्यात. ऑक्टोबरमध्ये पॅरिसच्या सेंट मिशेल चित्रपटगृहाला कट्टरपंथीयांनी आग लावली. तेरा जण जखमी झाले, काही गंभीर. प्रेमाचा संदेश देणाऱ्याच्या सन्मानासाठी माणसे जाळण्यापर्यंत मजल जावी, याचे दुःख सर्वांआधी श्रद्धावंतालाच व्हायला हवे.

भारतातही या कादंबरीची सावली पोचली होती, चित्रपटाच्या आधीच. केरळमध्ये पी. एम. अँटनी यांनी तिच्यावर आधारलेले, ख्रिस्ताच्या सहाव्या जखमेचे नाव असलेले मल्याळी नाटक १९८६ मध्ये रंगभूमीवर आणले. ख्रिस्ती संघटनांनी तीव्र विरोध केला आणि राज्य सरकारने त्यावर बंदी घातली.

कायद्याच्या दृष्टीने सर्वांत बोलके प्रकरण चिलीचे आहे. तिथल्या चित्रपट परीक्षण मंडळाने १९८८ मध्ये स्कोर्सेसीच्या चित्रपटाला मनाई केली. १९९६ मध्ये मंडळाने विचार बदलून प्रौढांसाठी परवानगी दिली, तेव्हा काही वकील न्यायालयात गेले. अर्ज त्यांनी येशू ख्रिस्त, कॅथलिक चर्च आणि स्वतः यांच्या वतीने केला होता. सांतियागोच्या अपील न्यायालयाने १९९७ मध्ये त्यांची बाजू मान्य केली; चित्रपटात ख्रिस्ताची प्रतिमा विद्रूप आणि उणी केली आहे, असे कारण दिले. सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. प्रकरण आंतरअमेरिकी मानवाधिकार न्यायालयापुढे गेले आणि ५ फेब्रुवारी २००१ ला त्या न्यायालयाने चिलीला अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या भंगाबद्दल दोषी धरले. त्याच वर्षी चिलीने राज्यघटना दुरुस्त करून चित्रपटांची पूर्वपरीक्षणाची पद्धत काढून टाकली.

ख्रिस्ताच्या वतीने खटला कोण भरू शकतो, हा प्रश्न इथे केवळ कायद्याचा राहत नाही. दुखावलेल्या श्रद्धेचे म्हणणे समजून घेण्यासारखे आहे. कादंबरीकाराला येशू पात्र वाटेल, पण जो माणूस रोज त्याच्यापुढे गुडघे टेकतो, आईच्या आजारपणात त्यालाच हाक मारतो, त्याच्यासाठी तो कथेतले पात्र नसतो. त्याच्याविषयी लिहिलेले माणसाला घरच्या व्यक्तीविषयी लिहिल्यासारखे लागते, आणि ही वेदना खोटी नाही. पण तिच्यावरून बंदीपर्यंत जाणारी वाट धर्माच्याच बाजूने तपासली तर तुटलेली दिसते. ज्याच्या अब्रूची काळजी वाहिली जाते तो, शुभवर्तमानांच्या साक्षीनुसार, थट्टा, थुंकणे आणि काट्यांचा मुकुट सहन करून गप्प राहिला, आणि त्याच्यासाठी तलवार उपसणाऱ्या शिष्याला त्याने ती म्यानात घालायला लावली. त्याच्या नावाने वकीलपत्र घेणाऱ्याला या दृश्याचा अर्थ आधी लावावा लागेल.

मूळ प्रश्न तर बंदीच्या कोणत्याही हुकमाने सुटलेला नाही. तो चर्चच्या आतही सुटलेला नाही. कझानझाकिसच्या शंभरहून अधिक वर्षे आधी एडवर्ड अर्विंग या स्कॉटिश धर्मोपदेशकाने शिकवले होते की ख्रिस्ताने घेतलेला मानवी स्वभाव आदमच्या पतनानंतरचा, बिघडलेला होता, आणि त्याचे निष्पाप राहणे हे पवित्र आत्म्याच्या बळाने क्षणोक्षणी जिंकलेले यश होते. चर्च ऑफ स्कॉटलंडने १८३३ मध्ये त्याला धर्मोपदेशकाच्या पदावरून काढले. पुढच्या वर्षी तो वारला. विसाव्या शतकातला सर्वांत वजनदार प्रॉटेस्टंट विचारवंत कार्ल बार्थ याने मात्र आपल्या ‘चर्च डॉग्मॅटिक्स’मध्ये जवळपास हीच भूमिका घेतली आणि अर्विंगचा आदराने उल्लेख केला. माणूस ज्या स्थितीत आहे ती स्थितीच ख्रिस्ताने घेतली नसेल, तर तो आपल्यापर्यंत पोचलाच नाही, असा त्याचा आग्रह होता. ग्रेगरीचा सोळा शतकांपूर्वीचा युक्तिवाद इथे पुन्हा बोलतो.

बार्थ आणि कझानझाकिस यांच्यातले अंतर तरीही राहतेच. बार्थच्या मते बिघडलेला स्वभाव स्वीकारणारा कर्ता प्रत्येक क्षणी देवच आहे, म्हणून पतन घडू शकत नाही. देवाने आपल्या जागी उभे राहणे हाच तिथला चमत्कार आहे. कादंबरीत शेवटच्या श्वासापर्यंत निकाल लागलेला नाही, आणि तो माणसाने लावायचा आहे. दोघेही मोह खरा मानतात. मात्र तो खरा असण्यासाठी हरण्याची शक्यता लागते, असे कझानझाकिस म्हणतो, आणि बार्थ ते नाकारतो. कधीच न हरणाऱ्यालाच मोहाचा पूर्ण भार सोसावा लागतो, कारण हरणारा मध्येच सुटतो, असा युक्तिवाद सी. एस. लुईस या ख्रिस्ती लेखकाने बार्थच्याच काळात, साध्या माणसाच्या अनुभवाला धरून केला होता. कादंबरीच्या विरोधात जे मांडता येईल त्यात हे सर्वांत सशक्त उत्तर आहे, आणि ते देण्यासाठी लुईसला कोणतेही पुस्तक बंद करावे लागले नाही.